काळ्या गाबोळीचा धनी

मृगाचा पहिला दणका बसला, ओढ्यांना तांबडे पाणी आले, की शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडकडच्या गावांतून माणसे जाळी आणि बुट्ट्या घेऊन पाण्याकडे धावतात. चढणीचा मासा धरायचे हेच दिवस. पोटात अंडी घेऊन हा मासा वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने वर चढत असतो. संध्याकाळी घराघरांतून कांदा-लसूण चटणीचा वास सुटतो आणि तव्यावर गाबोळी परतली जाते. ताटात पडलेली गाबोळी कोणाच्या वाट्याला जाणार यावरून पोरांची भांडणेही होतात. पण या गाबोळीला कोणी चैनीची वस्तू म्हणणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर फुकट मिळणारा तो एक घास असतो, इतकेच.

याच गाबोळीची एक दूरची बहीण मात्र जगातल्या सर्वात महागड्या खाद्यपदार्थांत मोडते. तिचे नाव कॅव्हिअर. स्टर्जन नावाच्या माशाची ही मिठात मुरवलेली अंडी. हा मासा आपल्या नद्यांत नाही. कास्पियन समुद्र, काळा समुद्र आणि त्यांना मिळणाऱ्या मोठ्या नद्या हे त्याचे जुने घर. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी हाडांच्या ढालींच्या रांगा. लांब सोंडेसारखे तोंड आणि त्याखाली लोंबणाऱ्या चार मिशा. डायनोसॉरच्या काळापासून हे घराणे पृथ्वीवर आहे आणि दिसतेही तसेच, पुराणातून उठून आल्यासारखे.

कॅव्हिअरच्याही जाती आहेत आणि जातींची उतरंडही आहे. बेलुगा सर्वात वरची. हा मासा एके काळी हजार किलोच्याही पुढे वाढत असे. त्याचे दाणे टपोरे, करड्यापासून काळ्यापर्यंत छटांचे, जिभेवर लोण्यासारखे विरघळणारे. त्याखाली ओसेत्रा, तपकिरी ते सोनेरी, चवीला अक्रोडाची आठवण करून देणारी. तिसरी सेव्रुगा, बारीक दाण्याची पण चवीला तिखट वळणाची. डब्यावरूनही ओळख पटते. निळे झाकण बेलुगाचे, पिवळे ओसेत्राचे, तांबडे सेव्रुगाचे. या सगळ्यांच्या वर एक अपूर्वाईची वस्तू आहे, तिला अल्मास म्हणजे हिरा म्हणतात. इराणकडच्या पाण्यात क्वचितच सापडणाऱ्या पांढऱ्या माशाची ही फिकट मोतिया अंडी. लंडनमध्ये ती सोन्याच्या डबीत घालून विकली गेली. गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात तिचा भाव किलोला २० हजार पौंड असा नोंदला आहे. आजच्या हिशेबाने वीस लाख रुपयांच्या वर. हुपरीच्या चांदीलाही एवढा भाव नाही. खायचे सोपस्कारही तसेच. डबी बर्फात रुतवलेली हवी, आणि चांदीच्या चमच्याने चव बिघडते म्हणून चमचा शिंपल्याचा. आपण गाबोळी हाताने खातो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही.

या कॅव्हिअरवर अफाट दौलत कमावणारा आणि ती दौलत भलत्याच कामी लावणारा एक माणूस दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव योआनिस वारवाकिस. ग्रीसमध्ये शाळकरी पोरालाही हे नाव ठाऊक असते. रशियात तो इवान वारवात्सी म्हणून ओळखला गेला. २०१२ मध्ये त्याच्यावर मोठा चित्रपटही निघाला. आपल्याकडे मात्र तो फारसा पोहोचला नाही.

एजियन समुद्रात सारा नावाचे एक चिमुकले खडकाळ बेट आहे. ग्रीक लोक त्याचा उच्चार प्सारा असा करतात. पिकत काही नाही, त्यामुळे तिथला मुलगा चालायला लागला की बोटीत चढतो. १७४५ च्या सुमारास या बेटावर योआनिसचा जन्म झाला. घराण्याचे आडनाव लेओन्दिस. पण लहानपणी त्याचे डोळे मोठे आणि भेदक होते, म्हणून त्याला वारवाकी या शिकारी पक्ष्याच्या नावाने हाका मारू लागले आणि तेच नाव जन्माला चिकटले. तेव्हा बहुतेक ग्रीसवर तुर्की सुलतानाचे राज्य होते. साराचे लोक व्यापार करत आणि संधी मिळेल तेव्हा तुर्की जहाजे लुटत. वारवाकिस ऐन तारुण्यातच स्वतःच्या जहाजाचा मालक झाला आणि तुर्कांनी त्याला चाच्यांच्या यादीत घातले. कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणत होते. आपल्यासाठी ते सरखेल. तेव्हा चाचा कोणाला म्हणायचे हे नकाशा कोणाच्या हातात आहे त्यावर ठरते.

१७६८ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने आपले आरमार पार बाल्टिक समुद्रातून वळसा घालून भूमध्य समुद्रात पाठवले आणि ग्रीकांना उठावाची हाक दिली. धर्म एक, शत्रू एक. वारवाकिसने आपले जहाज, माणसे आणि गाठीचा पैसा असे सगळेच या डावावर लावले. १७७० च्या जुलैमध्ये चेश्मेच्या उपसागरात तुर्की आरमार कोंडले गेले. दारू आणि डांबर भरलेली जहाजे पेटवून त्यांच्यावर सोडण्यात आली आणि एका रात्रीत सुलतानाचे आरमार जळून खाक झाले. पेटवून सोडलेल्या या जहाजांत वारवाकिसचे जहाजही होते असे ग्रीक परंपरा सांगते. या पराक्रमाबद्दल कॅथरीनने त्याला लेफ्टनंटचा हुद्दा दिला.

हुद्दा मिळाला, पण पुढे १७७४ मध्ये तह झाला, रशियन आरमार घरी गेले आणि सुलतान होता तिथेच राहिला. ज्या ग्रीकांनी रशियाच्या भरवशावर तलवार उपसली होती त्यांना आता कोणी वाली नव्हता. वारवाकिसची अवस्था तर घर ना घाट अशी झाली. जहाज गेलेले, पैसा संपलेला, आणि मायदेशात राहावे तर तुर्कांच्या हाती सापडण्याची भीती. बड्यांच्या लढाईत लहान माणसाचे असेच होते. उरला एकच मार्ग. ज्या राणीसाठी सर्वस्व जाळले तिच्याच दारात जाऊन दाद मागायची. तो मजल दरमजल करत सेंट पीटर्सबर्गला पोहोचला.

राजदरबारात शिरणे तेव्हाही सोपे नव्हते. सांगतात ते असे, की फाटक्या वेशातल्या या ग्रीक खलाशाकडे राणीचा विश्वासू सरदार पोट्योमकिन याचे लक्ष गेले आणि त्याने त्याला राणीपुढे उभे केले. कथेतला तपशील कसाही असो, भेट झाली आणि फळालाही आली. राणीने एक हजार सोन्याची नाणी दिली. त्याहून मोलाची दुसरी गोष्ट दिली, ती म्हणजे कास्पियन समुद्रात विनाकर मासेमारी करण्याचा परवाना. सोन्याची नाणी आज ना उद्या संपली असती. परवाना कागदाचा होता, पण त्याच्या पलीकडे अख्खा समुद्र होता.

वारवाकिस अस्त्राखानला आला. व्होल्गा नदी कास्पियनला मिळते तिथले हे बंदर. आपल्या मुलखाचे या गावाशी जुने नाते आहे. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात व्होल्गेतून खाली येताना याच अस्त्राखानजवळ लुटला गेला. त्याचा माल असलेली बोट मासे अडवण्यासाठी नदीत घातलेल्या कुंपणात अडकली आणि तातारांनी ती नागवली. परत जाऊन सावकारांना तोंड कसे दाखवायचे, म्हणून तो पुढे पुढेच चालत राहिला. असा चालत चालत तो आपल्या कोकणात चौलला उतरला आणि तिथून जुन्नर, बिदरपर्यंत हिंडला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. अस्त्राखानात तर सतराव्या शतकापासून मुलतान-सिंधकडच्या हिंदू व्यापाऱ्यांची स्वतंत्र वखार होती आणि त्यांचे देवघरही. वारवाकिस आला तेव्हा आर्मेनियन, इराणी, तातार आणि हिंदी अशा सगळ्यांनी भरलेले हे गाव म्हणजे मोठा बाजारच होता.

निकितीन ज्यात अडकला ते कुंपण स्टर्जनसारख्या मोठ्या माशांसाठीच घातले जाई. स्टर्जनही चढणीचाच मासा. समुद्रात वाढायचे आणि अंडी घालायला नदीतून शेकडो मैल वर चढायचे. व्होल्गाकाठच्या गरीब कोळ्यांना त्याच्या गाबोळीचे काही अप्रूप नव्हते. वारवाकिसची कथा सांगणारे म्हणतात, की एकदा किनाऱ्यावर भाकरी खात बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने या परक्या माणसालाही भाकरीवर काळी गाबोळी पसरून दिली आणि तो घास खाताच याच्या डोक्यात दिवा पेटला. कथा खरी असो वा रचलेली, पुढे जे घडले ते मात्र नोंदलेले आहे.

अडचण एकच होती, पण फार मोठी. मासा चिरल्यावर गाबोळी काही मिनिटांत काढावी लागते. चाळणीवर हलक्या हाताने चोळून दाणे पडद्यापासून सोडवायचे, थंड पाण्याने धुवायचे, निथळायचे आणि मीठ लावायचे. मीठ कमी पडले तर माल नासतो, जास्त झाले तर चव मरते. आजही उत्तम कॅव्हिअरला रशियन भाषेत कमी मिठाचे असेच नाव आहे. आपल्याकडे लोणचे घालणाऱ्या बाईच्या हाताला जे वजन असते तेच इथे मीठ लावणाऱ्याच्या हाताला. एवढे करूनही माल हजार कोस दूर न्यायचा कसा? साध्या लाकडाच्या पिंपांतून ओल झिरपायची आणि माल वाटेतच बिघडायचा. वारवाकिसने अनेक लाकडे तपासली आणि शेवटी लिंडेन नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पेट्या करवून घेतल्या. या लाकडातून ओल झिरपत नाही आणि त्याचा वासही मालाला लागत नाही. समुद्रावरच्या माणसाला लाकूड कळतेच. जन्मभर बोटीच्या फळ्या हाताळलेल्या खलाशाने एका पेटीच्या जोरावर बाजार जिंकला.

गिऱ्हाईकही त्याला आपल्याच लोकांत मिळाले. ग्रीक सनातनी चर्चमध्ये ईस्टरच्या आधी सात आठवडे कडक उपवास असतात. मांस नाही, दूध नाही, अंडे नाही, मासाही नाही. पण माशाच्या अंड्यांना त्यांच्या शास्त्राने वाट ठेवली आहे. आजही उपवासाच्या पहिल्या सोमवारी ग्रीक घरांत माशाच्या गाबोळीचे कालवण होते. आपल्याकडे एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर तूप वाढून घेतात, तसलाच हा प्रकार. तेव्हा आज श्रीमंतांच्या मेजवानीत मिरवणारा हा पदार्थ एके काळी पूर्व भूमध्य समुद्राच्या काठावर उपवासाचे खाणे म्हणूनही खपत होता, हे विसरून चालणार नाही. वारवाकिसचा धंदा बघता बघता वाढला. मासेमारीच्या बोटी, खारवण्याच्या वखारी आणि हजारो कामगार. नागवलेला खलाशी काही वर्षांत रशियातल्या मोठ्या धनिकांत गणला जाऊ लागला.

इथे माशाच्या बाजूचीही थोडी कथा सांगितली पाहिजे. बेलुगाची मादी पहिली अंडी धरायला पंधरा-वीस वर्षे घेते. कोंबडी अंडे देते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा देते, तसे इथे नाही. गाबोळीसाठी मासाच मारायचा, म्हणजे वीस वर्षांची वाढ एका दिवसात संपली. वारवाकिसच्या काळात व्होल्गा माशांनी इतकी गच्च भरलेली होती, की हा साठा कधी आटेल असे कोणाच्या मनातही आले नसेल. पण त्याने जो बाजार उघडून दिला तो पुढच्या दीडशे वर्षांत वाढतच गेला. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कची हॉटेले त्यावर पोसली गेली. मग १९६१ च्या सुमारास व्होल्गोग्राडचे प्रचंड धरण पूर्ण झाले आणि चढणीच्या माशाची वाटच बंद झाली. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढून ठेवतात, नदी मोकळी होते. त्या धरणाला कसले बरगे? १९९१ मध्ये सोव्हिएत राज्य कोसळले आणि कास्पियनच्या काठी चोरट्या मासेमारीला ऊत आला. १९९८ पासून स्टर्जनच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. २००५ मध्ये अमेरिकेने कास्पियनच्या बेलुगाची आयातच थांबवली. २०१० मध्ये तर निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने सांगितले, की प्राण्यांच्या सगळ्या गटांत नामशेष होण्याचा सर्वाधिक धोका स्टर्जनलाच आहे. आज जगात विकले जाणारे बहुतेक कॅव्हिअर तळ्यांत आणि टाक्यांत पाळलेल्या माशांचे असते, आणि त्यात सर्वात पुढे आहे चीन. जितका मासा कमी झाला तितका भाव चढला. चैनीच्या वस्तूचे गणित असेच उफराटे असते.

वारवाकिसकडे परत येऊ. पैसा आला तशी त्याची हवेली उभी राहिली असणारच, पण अस्त्राखानने त्याची आठवण ठेवली ती वेगळ्या कारणासाठी. त्याने गावाला इस्पितळ बांधून दिले. गावाच्या मध्यातून जाणारा एक कालवा कधीचा अर्धवट पडून होता आणि त्यात घाण साचून रोगराई पसरे. तो त्याने १८१० नंतरच्या काही वर्षांत पदरच्या पैशाने पुरा केला. पुढे सोव्हिएत काळात या कालव्याचे नाव बदलून कामगार दिनाचे नाव दिले गेले, आणि ते राज्य गेल्यावर वारवाकिसचे नाव पुन्हा परत आले. नंतर तो अझोव्ह समुद्राकाठी तागानरोगला राहायला गेला. तिथे ग्रीकांची मोठी वस्ती होती. त्यांच्यासाठी त्याने मठ बांधला. १८२५ मध्ये झार पहिला अलेक्झांडर तागानरोगला वारला तेव्हा त्याचे शव याच मठात ठेवले होते. ज्या राणीच्या दारी हा खलाशी हात पसरून गेला होता, तिच्या नातवाला शेवटचा आसरा त्याच्या मठाने दिला.

पण वयाच्या सत्तरीतही त्याचे चित्त साराच्या खडकांवरच होते. १८१४ मध्ये ओदेसा इथे ग्रीक स्वातंत्र्यासाठी एक गुप्त संघटना निघाली. वारवाकिसने तिला सढळ हाताने मदत केली. १८२१ मध्ये उठाव झाला तेव्हा कॅव्हिअरच्या पैशातून शस्त्रे आली. पन्नास वर्षांपूर्वी रशियाच्या जिवावर केलेले बंड फसले होते. या वेळी ग्रीक स्वतःच्या पायावर उभे होते. साराच्या खलाशांनी तीच चेश्मेची युक्ती पुन्हा वापरली आणि पेटत्या जहाजांनी तुर्की आरमाराला सळो की पळो करून सोडले.

सुलतानाने याचा सूड उगवला. १८२४ च्या जुलैच्या सुरुवातीला प्रचंड आरमार साऱ्यावर चालून आले. बेट पडले. शेवटच्या गढीत अडकलेल्यांनी दारूचे कोठार स्वतःच पेटवून दिले आणि शत्रूसह स्वतःलाही संपवले. बायका-मुले कापली गेली किंवा गुलामांच्या बाजारात विकली गेली. जे बोटींत चढू शकले तेवढेच वाचले. आपल्या चितोडची आठवण यावी असा तो प्रसंग.

म्हातारा वारवाकिस रशियातले सुखाचे घर सोडून निघाला होता तो मायभूमी पाहायला. त्याला दिसले ते जळलेले बेट आणि दुसऱ्यांच्या दारात उभे असलेले आपले लोक. वाचलेल्यांना त्याने अन्न, निवारा आणि पैसा दिला. जेवढे हाताशी होते तेवढे. पण गेलेले गाव पैशाने विकत घेता येत नव्हते, आणि हे त्याच्याइतके कोणाला कळले असेल? तिथून तो झाकिन्थोस बेटावर गेला. हे बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते आणि युद्धभूमीवरून येणाऱ्याला तिथे आधी साथीच्या विलगीकरणगृहात ठेवत. हजारो कामगारांचा हा मालक १८२५ च्या जानेवारीत त्या परक्या इमारतीत वारला. स्वतंत्र ग्रीस पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. ते राज्य त्यानंतर पाच वर्षांनी जन्माला आले.

मृत्युपत्रात त्याने प्रचंड रक्कम ग्रीक मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली होती. जो देश अजून अस्तित्वातच नव्हता त्याच्या शाळेसाठी ही देणगी. आपले कोल्हापूर बोर्डिंगांचे गाव. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी पहिले मराठा बोर्डिंग काढले आणि मग एकामागून एक जातीजमातींची वसतिगृहे उभी राहिली. ती पिढ्यान्पिढ्या पाहिलेल्या माणसाला या मृत्युपत्राचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. या पैशातून अथेन्समध्ये १८५७ ते १८५९ या काळात वारवाकिओ ही शाळा उभी राहिली. ग्रीसमधल्या नामवंत शाळांत तिची गणना होऊ लागली आणि तिथे प्रवेश मिळवण्यासाठी मुलांना आजही परीक्षा द्यावी लागते. १८८० मध्ये शाळेजवळ अथेना देवीची एक छोटी संगमरवरी मूर्ती सापडली. पार्थेनॉनमध्ये फिडियासने घडवलेली देवीची भव्य मूर्ती केव्हाच नष्ट झाली होती, तिची ही लहानशी प्रतिकृती. मूळ मूर्ती कशी होती हे आज जगाला मुख्यतः हिच्यावरून कळते, आणि तिलाही वारवाकिओची अथेना असेच म्हणतात.

शाळेची मूळ इमारत १९४४ च्या डिसेंबरमधल्या अथेन्सच्या यादवी चकमकींत मोडकळीला आली आणि पुढच्या दशकात पाडली गेली. शाळा दुसरीकडे गेली. पण तिच्या समोरच्या बाजूला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी मंडई उभी राहिली होती, ती शाळेच्या नावानेच वारवाकिओ मंडई म्हणून ओळखली जाऊ लागली. आज अथेन्समध्ये मासे आणायचे म्हटले की लोक तिथेच जातात. पहाटेपासून बर्फाच्या लाद्या फुटतात, एजियन समुद्राचा ताजा मासा फळ्यांवर मांडला जातो आणि कोळी मोठमोठ्याने भाव पुकारू लागतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासाचे दिवस आले, की तिथे साध्या माशाची गुलाबी गाबोळी घ्यायला गृहिणींची रांग लागते.